प्लॅस्टिक फिल्मची लेबले : निवड, छपाई आणि पारख

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला शिवलेली निळी चिठ्ठी शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती नसेल तर दाणा कितीही टपोरा दिसला तरी जाणता शेतकरी ते बियाणे प्रमाणित म्हणून घेत नाही. आत काय आहे, ते कोणी तयार केले आणि त्याची जबाबदारी कोणावर आहे, हे ती चिठ्ठी सांगते. जी गोष्ट बियाण्याची, तीच शेतमालापासून तयार केलेल्या पदार्थांची. लोणचे, मध, काजू, आंब्याचा रस, चिकूच्या वाळविलेल्या चकत्या असे पदार्थ आज महिला बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या तयार करतात आणि शहराच्या बाजारात पाठवितात. तेथे उत्पादकाची व ग्राहकाची गाठ पडत नाही. उत्पादकाच्या वतीने बरणीवरचे लेबलच बोलते. ते ओल्या हाताने पुसले गेले, तेलाने डागाळले किंवा शीतगृहात गळून पडले, तर आतील माल उत्तम असूनही बेवारस ठरतो.

याच कारणाने कागदी लेबलांची जागा आता बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिक फिल्मच्या लेबलांनी घेतली आहे. तथापि, लेबल फिल्मचे आहे एवढ्यावरून ते टिकाऊ ठरत नाही. फिल्म, शाई आणि चिकट या तिहींचा एकमेकांशी मेळ बसला पाहिजे, आणि तो पुढे येणारे पाणी, तेल, थंडी व ऊन यांना पुरून उरला पाहिजे. हा मेळ कसा बसतो व तो बसला आहे की नाही हे कसे ओळखावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

मुंबई उपनगरे व वेष्टनाचा धंदा

लेबले छापून घेण्यासाठी ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील उत्पादकांना मुंबईची उपनगरे सर्वांत जवळची आहेत. या उपनगरांचा अन्नपदार्थांच्या वेष्टनाशी संबंध जुना आहे. विलेपार्ले येथे १९२९ साली पार्ले कंपनीचा कारखाना सुरू झाला. तेथील उत्पादन २०१६ मध्ये थांबले. परंतु या कंपनीच्या बिस्किटांचा पुडा मेणकागदातून प्लॅस्टिक फिल्ममध्ये गेलेला एका पिढीने पाहिला. गोरेगाव येथे १९४९ साली आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. तिचे दूध प्रथम काचेच्या बाटल्यांतून घरोघरी जाई व तोंडावरील धातूच्या पातळ टोपणावरून दुधाचा प्रकार ओळखला जाई. पुढे बाटली जाऊन छापील प्लॅस्टिकची पिशवी आली. टोपणाचे काम पिशवीवरील रंगाकडे व अक्षरांकडे गेले.

आज अंधेरीजवळचे मरोळ व साकीनाका, तसेच घाटकोपर, मुलुंड, कांदिवली व बोरिवली या भागांतील औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतून छपाईचे लहानमोठे कारखाने चालतात. डहाणू-पालघरकडील उत्पादकास बोरिवली व अंधेरी पश्चिम रेल्वेने सोयीची पडतात. कसारा-कर्जतकडून येणाऱ्यास मुलुंड व घाटकोपर मध्य रेल्वेवर आहेत. अंधेरी पूर्वेस मरोळच्या औद्योगिक क्षेत्रात भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. ती १९६६ साली स्थापन झाली असून केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या अधीन आहे. वेष्टनाच्या साहित्याची तपासणी व प्रशिक्षण ही तिची कामे होत. मोठी मागणी नोंदविण्यापूर्वी उत्पादक कंपन्यांनी अशा संस्थेचा सल्ला घेणे हिताचे आहे.

फिल्मचे प्रकार

लेबलांसाठी मुख्यत्वे चार प्रकारच्या फिल्म वापरतात.

पहिली पॉलिप्रॉपिलीनची. ही दोन्ही दिशांनी ताणून तयार केलेली असते व धंद्यात तिला बीओपीपी म्हणतात. ती पाणी पीत नाही, सहज फाटत नाही आणि पारदर्शक, पांढरी व चंदेरी अशा तिन्ही रूपांत मिळते. बरण्या व काचेच्या बाटल्यांसाठी ही पुष्कळ वापरली जाते. दुसरी पॉलिएथिलीनची. ही मऊ व लवचिक असल्यामुळे दाबल्या जाणाऱ्या बाटल्यांवर सुरकुतत नाही. तिसरी पॉलिएस्टरची. ही उष्णता व ताण उत्तम सोसते, म्हणून यंत्रांवरील पट्ट्यांसाठी व अनेक थरांच्या पाकिटांसाठी घेतात. चौथी पीव्हीसीची. गरम हवेने आकसून बाटलीला घट्ट बसणारे आवरण पुष्कळदा या फिल्मचे असते.

कोणती फिल्म हाती आली आहे याची ढोबळ परीक्षा घरीच करता येते. न छापलेल्या, बिनचिकटाच्या फिल्मचा लहान तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवावा व बोटाने चोळून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढून टाकावेत. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तुकडा वर तरंगतो. पॉलिएस्टर व पीव्हीसी पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तो तळाशी जातो.

फिल्मला शाई का धरत नाही

कागद शाई शोषून घेतो. फिल्म ती शोषत नाही. शाई केवळ तिच्या पृष्ठभागाला धरून राहते. आळूच्या पानावर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतो. कोऱ्या पॉलिप्रॉपिलीन फिल्मवर शाईची अशीच गत होते.

पृष्ठभागाची ही धारणशक्ती डाइन या परिमाणाने मोजतात. प्रक्रिया न केलेल्या पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मवर ती सुमारे ३० डाइन असते. छपाईसाठी ती साधारणतः ३८ ते ४२ पर्यंत वाढवावी लागते. त्यासाठी फिल्मच्या पृष्ठभागावरून उच्च दाबाच्या विजेचा विसर्ग सोडतात. या प्रक्रियेस कोरोना प्रक्रिया म्हणतात. हिच्यामुळे पृष्ठभागाच्या रचनेत बदल होतो व शाई धरू लागते. मात्र हा गुण कायम टिकत नाही. फिल्म साठवून ठेवली की तो हळूहळू कमी होतो. म्हणून स्वस्त मिळते या मोहाने फार दिवस पडून राहिलेला रोल वापरला, तर आज सुबक दिसणारी छपाई महिन्याभरात पापुद्र्यासारखी निघू लागते. चांगला छापखाना विशिष्ट डाइनच्या द्रवाची रेघ ओढून फिल्म तपासतो. रेघ अखंड राहिली तर फिल्म योग्य. तिचे थेंब झाले तर अयोग्य समजावी.

छपाईच्या पद्धती

फ्लेक्सो छपाई : हिच्यात रबरासारख्या लवचिक प्लेटवर अक्षरे व चित्रे उठावाने असतात. सूक्ष्म खळग्यांनी भरलेला एक रूळ शाई उचलतो, पात्याने जादा शाई निपटली जाते आणि मोजकी शाई प्लेटवर व तेथून फिल्मवर उतरते. प्रत्येक रंगासाठी एक प्लेट लागते. या पद्धतीस पूर्वी अॅनिलीन छपाई म्हणत. १९५२ साली अमेरिकेत तिला हल्लीचे नाव मिळाले. चिकट लेबलांच्या रोलसाठी ही पद्धत सर्रास वापरतात.

ग्रॅव्ह्युअर छपाई : हिच्यात तांब्याचा मुलामा दिलेल्या सिलिंडरवर मजकूर खळग्यांच्या रूपाने कोरतात व वर क्रोमियमचा कठीण थर देतात. खळग्यांतील शाई थेट फिल्मवर उतरते. छपाई अत्यंत एकसारखी व तेजस्वी होते. पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूस उलटी छपाई करून तिच्यावर दुसरी फिल्म चिकटविली, की शाई दोन थरांच्या मध्ये सुरक्षित राहते. बाजारातील अनेक थरांची पाकिटे पुष्कळदा अशीच तयार होतात. परंतु प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा व महाग असल्यामुळे ही पद्धत मोठ्या मागणीलाच परवडते.

स्क्रीन छपाई : ताणलेल्या जाळीतून शाई दाबून उतरवितात. शाईचा थर जाड बसतो व रंग ठळक येतो. काम मंद असले तरी खर्च थोडा आहे.

डिजिटल छपाई : हिला प्लेट किंवा सिलिंडर लागत नाही. संगणकावरून थेट छपाई होते व पाचशे लेबलेही छापून मिळतात. मजकूर बदलणे सोपे असते.

पद्धत निवडताना हिशेब मांडून पाहावा. समजा, चार रंगांच्या प्लेटांचा एकूण खर्च ६,००० रुपये आहे. लेबले २,००० छापली तर प्रत्येक लेबलावर प्लेटांचाच भार ३ रुपये पडतो. ६०,००० छापली तर तोच १० पैशांवर येतो. म्हणून नव्या गटाने प्रथम डिजिटल पद्धतीने थोडी लेबले काढावीत. मालास गिऱ्हाईक लागले व मजकूर स्थिर झाला म्हणजे फ्लेक्सोकडे वळावे. पहिल्याच वर्षी स्वस्त पडते म्हणून लाखभर लेबले छापली आणि नियम किंवा पत्ता बदलला, तर तो सारा गठ्ठा रद्दीत जातो.

चिकट, कापणी व तारीख

चिकट लेबलाचे चार भाग असतात : वरची फिल्म, तिच्यावरील शाई, खालचा चिकट आणि त्यामागचा सिलिकॉन लावलेला कागद. छपाईनंतर ठरावीक आकाराच्या पात्याने केवळ फिल्म कापतात, मागचा कागद अखंड राहतो. अशी लेबले अमेरिकेत स्टॅन्टन अॅव्हरी यांनी १९३५ साली प्रथम बाजारात आणली.

चिकटाची निवड माल कोठे जाणार त्यावर करावी. साधा चिकट थंड व दव धरलेल्या बरणीवर बसत नाही. शीतगृहात जाणाऱ्या मालासाठी थंडीत काम देणारा चिकट मागून घ्यावा, आणि शक्यतो बरणी कोरडी व साध्या तापमानाची असतानाच लेबल लावून एक दिवस मुरू द्यावे. लोणच्याच्या बरणीवर तेलाचा ओघळ असेल तर कोणताही चिकट टिकणार नाही; बरणी आधी स्वच्छ पुसावी. काचेवर उत्तम बसणारा चिकट पॉलिएथिलीनच्या डब्यावर निष्प्रभ ठरतो, हेही विसरू नये.

तयार केल्याची तारीख व गट क्रमांक दर खेपेस बदलतात. ते लहान यंत्राने रिबनमधील शाई उष्णतेने फिल्मवर उतरवून छापतात. येथे मेणाची रिबन कागदासाठी, तर राळेची रिबन फिल्मसाठी योग्य समजावी. फिल्मवर मेणाची रिबन वापरली तर तारीख नखाने निघते. केवळ उष्णतेने काळा पडणारा, वजनकाट्याच्या पावतीसारखा कागद उन्हात व उष्णतेत फिका पडतो, म्हणून टिकणाऱ्या मालासाठी तो वापरू नये.

मजकूर व अक्षरे

अन्नपदार्थाच्या लेबलावर पदार्थाचे नाव, घटकांची यादी, पोषणविषयक माहिती, ॲलर्जी होऊ शकणारे घटक, शाकाहारी किंवा मांसाहारी चिन्ह, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव व पत्ता, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, गट क्रमांक, तयार केल्याची व वापराची मुदत संपण्याची तारीख, कमाल किरकोळ किंमत व तक्रारीसाठी संपर्क ही माहिती द्यावी लागते. अन्न लेबलविषयक २०२० चे विनियम आणि वैधमापनशास्त्राचे आवेष्टित वस्तू नियम, २०११ यांत याचा तपशील, सवलती व अक्षरांची उंची दिलेली आहे; छपाईपूर्वी ते अद्ययावत स्वरूपात पाहून घ्यावेत. अन्नाच्या लेबलावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत द्यावा लागतो. मराठी मजकूर त्याच्या जोडीने देता येतो, आणि आपल्या ग्राहकांसाठी तो अवश्य द्यावा. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मानांकनाचे चिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यानेच छापावे.

देवनागरी छपाईत विशेष दक्षता हवी. बारीक अक्षरांतील अनुस्वार, रफार व काने-मात्रा शाईने भरून जातात. गडद पार्श्वभूमीवरील बारीक पांढरी अक्षरे तर बुजतातच. म्हणून महत्त्वाचा मजकूर पांढऱ्या जागेवर काळ्या, ठसठशीत अक्षरांत घ्यावा. संगणकातील फॉन्ट बदलला की जोडाक्षरे तुटतात. यास्तव पडद्यावर नव्हे, तर छापलेल्या नमुन्यावरच मुद्रिते तपासावीत. पारदर्शक फिल्मवर रंगांखाली दाट पांढरी शाई घ्यावी, नाहीतर लोणच्याच्या रंगात अक्षरे हरवतात. बारकोडाच्या रेघा लाल रंगात छापू नयेत; दुकानातील लाल प्रकाशाच्या वाचकयंत्रास त्या दिसत नाहीत.

अन्नाच्या पाकिटाची छापलेली बाजू अन्नास लागता कामा नये. २०१८ च्या अन्न वेष्टन विनियमांत तसे स्पष्ट सांगितले आहे, आणि शाईसाठी भारतीय मानक १५४९५ चे बंधन घातले आहे. छापखान्याकडून त्याप्रमाणे लेखी हमी घ्यावी.

जेथे लेबल हा जिवाचा प्रश्न आहे

अन्नाचे लेबल गळले तर नुकसान पैशाचे होते. कीटकनाशकाच्या बाटलीवरील लेबल गळले तर ते जिवावर बेतू शकते. कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये या लेबलावर चौकटीच्या चिन्हाने विषारीपणा दाखवितात. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अति विषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा किंचित विषारी औषधाची खूण होय. हे चिन्ह लेबलाच्या दर्शनी भागाच्या किमान एक-सोळांश असावे लागते. विषावरील उताराही लेबलावर द्यावा लागतो. शिवाय लेबल सहजासहजी निघणार नाही असे डब्यास पक्के लावावे, अशी याच नियमांत आज्ञा आहे. म्हणजे चिकट पक्का असणे ही येथे केवळ शोभेची बाब नाही, ती कायद्याची अट आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. विषबाधा झालेल्या माणसास दवाखान्यात नेले, की कोणते औषध फवारले हा प्रश्न डॉक्टर प्रथम विचारतात. कारण उपचार त्या उत्तरावर अवलंबून असतो. औषधाचा ओघळ लागून अक्षरे विरघळलेली बाटली हे उत्तर देऊ शकत नाही. यास्तव शेतकऱ्यांनी लेबल फाटलेली, पुसट झालेली किंवा वरून दुसरे चिकटविलेली बाटली दुकानातून घेऊ नये. औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये. बाटली बाहेरून ओघळली तर हातमोजे घालून लगेच पुसावी. फवारणी पुरी होईपर्यंत मूळ बाटली किंवा खोके लेबलासह जपून ठेवावे. विषबाधेचा संशय येताच रोग्याबरोबर ते, निदान लेबलाचे स्पष्ट छायाचित्र, दवाखान्यात न्यावे.

माल ताब्यात घेण्यापूर्वीच्या परीक्षा

उत्पादक गटाने छापखान्याकडून प्रथम थोडे नमुने घ्यावेत. ती लेबले आपल्याच भरलेल्या बरण्यांवर लावावीत व २४ तासांनंतर पुढील परीक्षा कराव्यात.

१. पारदर्शक चिकटपट्टी छपाईवर घट्ट दाबावी व झटक्याने ओढावी. पट्टीवर शाई आली तर लेबल नापास समजावे.
२. ओल्या बोटाने व नंतर तेलाच्या बोटाने तारखेवर वीस वेळा घासावे. अंक वाचता आले पाहिजेत.
३. एक बरणी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावी. कडा सुटता कामा नयेत.
४. एक बरणी शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढावी, दव धरू द्यावे आणि लेबलाची कड नखाने उचलून पाहावी.
५. एक बरणी पंधरा दिवस उन्हात ठेवावी व सावलीतील बरणीशी रंग ताडून पाहावा.
६. लेबलाचा वास घ्यावा. शाईतील द्रावकाचा उग्र वास येत असेल तर अन्नासाठी ते लेबल घेऊ नये.

या परीक्षांत उतरलेला एक नमुना छापखान्याची सही घेऊन जपून ठेवावा. मागणीपत्रात फिल्मचा प्रकार, चिकटाचा प्रकार व लेबल कोठे वापरणार ते स्पष्ट लिहावे. पुढील माल त्या नमुन्याशी ताडून घेता येतो व वादाला जागा उरत नाही.

वापरानंतर

लेबलाचे काम बरणी रिकामी झाली म्हणजे संपत नाही. पॉलिएस्टरच्या बाटलीवर पीव्हीसीचे आवरण असेल तर दोन्ही पाण्यात बुडतात, सहज वेगळी होत नाहीत व पुनर्वापराचा माल बिघडतो. त्याच बाटलीवर पॉलिप्रॉपिलीनचे लेबल असेल आणि त्याचा चिकट धुताना सुटणारा असेल, तर लेबल तरंगते, बाटली बुडते व दोन्ही वेगळी होतात. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यावर त्याच जातीचे लेबल सर्वांत सोयीचे. खर्च सारखाच पडत असेल तर अशी जोडी निवडावी.

लेबल हे उत्पादकाने ग्राहकास दिलेले वचन आहे. वचन खरे असावे लागते, तसेच ते शेवटचा घास संपेपर्यंत वाचताही यावे लागते. चिकटपट्टीचा एक तुकडा, बादलीभर पाणी व पंधरा दिवसांचा धीर एवढ्या साधनांनी कोणताही बचत गट ही खात्री करून घेऊ शकतो. म्हणून येत्या हंगामाची लेबले हंगामापूर्वी निदान दोन महिने आधी ठरवावीत, नमुने तपासावेत आणि मगच मागणी नोंदवावी.